मराठी शब्दांवर स्ट्रूप चाचणी: अवधानाचा प्रयोग नीट कसा बसवायचा?

कृष्णाकाठ

सांगलीत पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या मानसशास्त्र प्रात्यक्षिकासाठी अवधानाचा प्रयोग नव्यानं बसवायचा आहे. छापील कार्ड आणि स्टॉपवॉच बाजूला ठेवून संगणकावर स्ट्रूप घ्यायचा विचार आहे, म्हणजे रंगाचं नाव कधी त्याच, कधी दुसऱ्याच रंगात दाखवायचं आणि शब्द सोडून रंग सांगायला लावायचा. प्रयुक्त (ज्यांच्यावर प्रयोग होणार ते) साधारण ४०, सांगली, मिरज, तासगाव भागातले. साताऱ्याच्या एका महाविद्यालयातही तेवढ्याच जणांवर हाच प्रयोग होईल आणि दोन्हीकडची माहिती एकत्र करायची आहे. सामान असं: साधे डेस्कटॉप, ६० हर्ट्झचे मॉनिटर, यूएसबी कीबोर्ड आणि सायकोपाय हे प्रयोग चालवायचं सॉफ्टवेअर.

प्रश्न चार. इंग्रजी रंगनामांच्या जागी लाल, निळा, हिरवा, पिवळा टाकले की झालं का? ट्रायल, म्हणजे एक शब्द दाखवून एक उत्तर घेणं, अशा किती ठेवायच्या? एका शाळेची विचारणा आहे की आठवीच्या मुलांवर हीच चाचणी घेऊन प्रत्येकाची एकाग्रता किती ते सांगा. ते जमेल का? आणि आठ चॅनलचं ईईजी यंत्र (डोक्यावरून मेंदूची विद्युत नोंद घेणारं) वापरायला मिळणार आहे, त्याचा यात उपयोग काय?

यवतेश्वर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तेवढ्यानं होत नाही. स्ट्रूपचा सगळा परिणाम वाचन आपोआप होतं यावर उभा आहे. रंगाचं नाव सांगायचं असतं, पण शब्द आधीच वाचून झालेला असतो आणि तो उत्तराच्या आड येतो. म्हणून शब्द असे हवेत की तुमच्या प्रयुक्तांच्या तोंडी तेच पहिल्यांदा यावेत.

साताऱ्या-सांगलीकडे लाल म्हणणारे किती आणि तांबडा म्हणणारे किती, हे आधी बघा. घरात तांबडी माती, तांबडा रस्सा ऐकत वाढलेल्या मुलाला लाल हा शब्द येतो, पण तोंडात पहिला तो येईलच असं नाही. पडद्यावर ‘लाल’ लिहिलेलं आणि त्याच्या मनात ‘तांबडा’ आलेलं असेल, तर ज्याला तुम्ही जुळणारी ट्रायल (शब्द आणि रंग एकच) म्हणताय ती त्याच्यासाठी पूर्ण जुळणारी राहत नाही. यावर उपाय सोपा आहे. मुख्य प्रयोगात नसलेल्या १२ ते १५ जणांना नुसते रंगाचे चौकोन दाखवा, “हा कोणता रंग?” एवढंच विचारा आणि जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहून घ्या. ज्या नावावर जवळपास सगळे येतात तेच घ्या.

दुसरी अडचण लिंगाची. रंग पुल्लिंगी म्हणून आपण निळा, हिरवा लिहितो. पण चौकोन बघून बोलणारा सहज “निळं”, “हिरवं” म्हणून जातो. लाल मात्र बदलत नाही. तोंडी उत्तर घेणार असाल तर सूचनेतच ‘निळा, हिरवा असं म्हणा’ हे सांगा, सरावात तसं म्हणवून घ्या आणि तरीही कुणी “पिवळं” म्हणालाच तर ते बरोबर धरायचं, हे आधी ठरवून ठेवा. माहिती हातात आल्यावर असे नियम ठरवू नयेत.

तिसरी, लांबी. लाल आणि निळा दोन अक्षरी, हिरवा आणि पिवळा तीन अक्षरी. नियंत्रित स्थितीचे, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले रंगाशी संबंध नसलेले शब्द याच मापाचे हवेत: दार, पाटी, कपाट, खिडकी. इथे हळद, गवत, आकाश, रक्त असले शब्द चालत नाहीत. रंगाशी जोडलेला शब्दही अडथळा आणतो, हे क्लाइनने १९६४ मध्येच दाखवलं आहे. आणि सांगलीच्या माणसाला हळद शब्द दिसला की पिवळा रंग डोळ्यांपुढे येणार नाही असं कसं होईल?

हरिपूर

तांबडा घेतलात तर एक फायदा आहे. तांबडा, हिरवा, पिवळा, जांभळा हे चारही तीन अक्षरी. निळा काढून जांभळा घ्या, लांबीचा प्रश्नच मिटेल. स्ट्रूपनेही १९३५ च्या प्रयोगात पिवळा घेतला नव्हता. तांबडा, निळा, हिरवा, तपकिरी आणि जांभळा घेतले होते.

यवतेश्वर

लांबी जुळते हे खरं, पण दोन गोष्टी बिघडतात. ‘तांबडा’ आणि ‘जांभळा’ दिसायला फार सारखे: दोन्हींत पहिल्या अक्षरावर काना आणि अनुस्वार, शेवटी काना. दिसायला सारख्या शब्दांत वाचणाऱ्याची गल्लत सहज होते, त्यामुळे या दोघांत गोंधळ जास्त होईल आणि बाकीच्या जोड्यांत कमी. शिवाय जांभळ्या चौकोनाला निम्मे लोक वांगी म्हणतील. माझं मत निळा ठेवावा, लांबीचा फरक नियंत्रित शब्दांनी सांभाळावा. कळ दाबून उत्तर घेतलं तर उच्चाराची लांबी तशीही आड येत नाही.

मिरज_जंक्शन

शब्द ठरले की ते थेट मजकूर म्हणून टाकू नका. देवनागरीची जुळणी प्रत्येक संगणकावर, प्रत्येक आवृत्तीत सारखी होईल याचा भरवसा नसतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न बसता मागे जाऊन पडते, आणि निळा, हिरवा, पिवळा या तिन्हींत ती आहे. एकच लाल नीट दिसतो आणि बाकीचे तीन विचित्र दिसतात, म्हणजे वाचनाचा वेग कोणत्या शब्दाला किती हे सगळंच बदललं.

प्रत्येक शब्द-रंग जोडीचं पीएनजी चित्र करा. पार्श्वभूमी पारदर्शक, सगळ्या चित्रांचा आकार एक, फॉन्ट एक, शिरोरेषा एकाच उंचीवर. सगळी चित्रं प्रयोग सुरू होण्याआधी मेमरीत घ्या. ऐन ट्रायलमध्ये डिस्कवरून चित्र उचललं तर तिथे वेळ जातो, आणि तो दर वेळी वेगळा.

पडद्याची पार्श्वभूमी पांढरी नको, पिवळा शब्द त्यावर दिसतच नाही. मध्यम करडी किंवा काळी घ्या.

आता वेळेचं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. तुम्ही २०० मिलिसेकंद मागितले तर मिळतात १२ फ्रेम, म्हणजे नेमके २००. पण २१० मागितले तर २०० किंवा २१७ यांपैकी काहीतरी मिळेल. म्हणून वेळ फ्रेममध्येच लिहा. साध्या यूएसबी कीबोर्डवर कळ दाबली का, हे संगणक बऱ्याचदा दर ८ मिलिसेकंदांनी तपासतो, तेवढा डळमळीतपणा प्रत्येक उत्तरात राहतो. बिनतारी कीबोर्ड आणि मोबाइलचा पडदा या कामाला घेऊ नका.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा. यंत्राचा ठरावीक उशीर, समजा दर वेळी ३० मिलिसेकंद, स्ट्रूपच्या परिणामाला धक्का लावत नाही, कारण दोन्ही स्थितींतून तो सारखाच वजा होतो. पण सांगलीच्या मुलांचा सरासरी प्रतिक्रियाकाल साताऱ्याच्या मुलांपेक्षा कमी की जास्त, हे बघायला गेलात तर तो ३० मिलिसेकंदांचा फरक मॉनिटर-कीबोर्डचा असेल आणि तुम्ही तो मुलांच्या नावावर लिहाल. दोन गावांची कच्च्या वेळांची तुलना करायची असेल तर यंत्रं तीच न्या, नाहीतर फक्त स्थितींमधला फरक ताडून बघा.

उशीर मोजायला आर्डुइनो उनो हा छोटा नियंत्रक बोर्ड आणि एक फोटोट्रान्झिस्टर (प्रकाश टिपणारा भाग) पुरतो. फोटोट्रान्झिस्टर १० किलोओहमच्या रोधाबरोबर अ‍ॅनालॉग पिनला जोडा, शब्द जिथे येतो तिथेच पडद्याला काळ्या चिकटपट्टीनं लावा आणि पांढरा चौकोन २०० वेळा उघडझाप करा. कोपऱ्यात लावू नका. पडदा वरून खाली रंगवला जातो, त्यामुळे वरचा आणि खालचा भाग यांच्यात जवळपास एका फ्रेमचं अंतर पडतं.

कृष्णाकाठ

उत्तर कळ दाबून घ्यावं की तोंडी? कळांवर रंगीत स्टिकर लावायचे असं एका पुस्तिकेत आहे.

यवतेश्वर

स्टिकर लावू नका. स्टिकर लावला की काम नाव शोधण्याचं न राहता रंगाला रंग जुळवण्याचं होतं, आणि मान खाली-वर होत राहते. डी, एफ, जे, के या चार कळा, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं, आणि फक्त रंगीत चौकोनांवर किमान ४० सराव ट्रायल. शेवटच्या २० मध्ये १८ बरोबर येईपर्यंत पुढे जायचं नाही. कोणती कळ कोणत्या रंगाची, हे प्रयुक्तांमध्ये फिरतं ठेवा.

तोंडी उत्तरात परिणाम मोठा येतो, कळेवर तो लहान होतो. तोंडी घ्यायचं असेल तर आवाजाच्या पातळीवर चालणाऱ्या व्हॉइस कीवर विसंबू नका. हिरवामधला ह श्वासासारखा हलका सुरू होतो, निळामधला न दबका, पिवळामधला प फटकन फुटतो. यंत्र ह आणि न उशिरा पकडतं, प लगेच पकडतं. मग हिरवा रंग मेंदूला कठीण जातो असा निष्कर्ष निघतो, जो निव्वळ वर्णोच्चाराचा खेळ असतो. ध्वनी मुद्रित करा आणि प्राट या ध्वनी तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये लहरी बघून सुरुवात हातानं लावा. ४० जणांसाठी हे काम फार आहे, म्हणून वर्गाच्या प्रात्यक्षिकाला कळाच बऱ्या.

चाफळ

ट्रायलचा हिशेब सांगतो. चार शब्द आणि चार रंग यांच्या १६ जोड्या होतात, त्यात जुळणाऱ्या ४ आणि न जुळणाऱ्या १२. सगळ्या जोड्या सारख्या वेळा दाखवल्या तर न जुळणाऱ्या तिप्पट होतात. तसं न करता प्रत्येक जुळणारी जोडी १२ वेळा, प्रत्येक न जुळणारी ४ वेळा, आणि नियंत्रित शब्द ४८. एकूण १४४, प्रत्येकी ४८ चे तीन ब्लॉक. हे प्रमाण मध्येच बदलू नका. जुळणाऱ्या ट्रायल जास्त झाल्या की माणूस शब्दावर भिस्त ठेवायला लागतो आणि अडथळा वाढतो. कमी झाल्या की उलट.

क्रम पूर्ण यादृच्छिक न ठेवता दोन बंधनं घाला. तोच रंग लागोपाठ दोनदा येऊ नये, आणि आधीच्या ट्रायलमध्ये जो शब्द दुर्लक्षित करायचा होता तोच पुढच्या ट्रायलचा रंग नसावा. आत्ताच दाबून टाकलेलं उत्तर लगेच द्यायचं आलं तर माणूस हळू होतो, आणि तो उशीर चुकीच्या रकान्यात जाऊन बसतो.

एका ट्रायलची रचना: मध्यबिंदू (नजर रोखायची खूण) ४०० ते ७०० मिलिसेकंद, दर वेळी वेगळा, मग शब्द, उत्तर येईपर्यंत किंवा जास्तीत जास्त २००० मिलिसेकंद, मग ८०० मिलिसेकंद रिकामा पडदा. ट्रायलला सुमारे दोन सेकंद, सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. मध्यबिंदूचा काळ ठरावीक ठेवलात तर प्रयुक्त ताल पकडतो आणि शब्द यायच्या आधीच बोट हलतं.

माहिती साफ करताना फक्त बरोबर उत्तरं घ्या, २०० मिलिसेकंदांच्या आतली काढा, प्रत्येक स्थितीचा मध्यक काढा. चुकांचं प्रमाण वेगळ्या रकान्यात लिहा. ज्याचा वेळ छान आणि चुका १५ टक्के, त्यानं अडथळा जिंकलेला नसतो, त्यानं घाई केलेली असते.

आता शाळेची विचारणा. याला स्पष्ट नाही म्हणा, आणि का ते आकड्यांत दाखवा. समजा एका मुलाच्या वेळा ट्रायलमागे १५० मिलिसेकंदांनी वरखाली होतात, हा नेहमीचा पसारा आहे. ४८ ट्रायलच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १५० भागिले ४८ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २२ मिलिसेकंद. दोन स्थितींच्या फरकाची त्रुटी त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ३१. त्याचा अडथळा, म्हणजे हाच फरक, ८० मिलिसेकंद आला, तर ९५ टक्के विश्वासानं एवढंच म्हणता येतं की तो २० ते १४० च्या मध्ये कुठेतरी आहे. वर्गातली जवळजवळ सगळी मुलं याच पट्ट्यात बसतात. मग पहिला कोण आणि चाळिसावा कोण हे कशावरून लावणार? त्रुटी निम्मी करायची तर ट्रायल चौपट कराव्या लागतात, आणि तोवर मूल कंटाळलेलंही असतं आणि सरावलेलंही.

यात चाचणीचं काही चुकलेलं नाही. स्ट्रूपचा परिणाम जवळजवळ प्रत्येकात दिसतो, म्हणून गटाच्या प्रयोगाला तो उत्तम आहे. पण सगळ्यांत सारखा दिसतो याचाच अर्थ माणसामाणसांतला फरक थोडा आहे, आणि थोडा फरक मापाच्या त्रुटीत बुडतो. हेज, पॉवेल आणि समनर यांनी २०१८ मध्ये हीच गोष्ट स्ट्रूप, फ्लँकर अशा बऱ्याच चाचण्यांवर मांडली आहे. मुलाच्या प्रगतिपुस्तकाशेजारी हा आकडा जाता कामा नये.

हरिपूर

लक्ष लागत नाही म्हणून मूल दाखवायचं असेल तर ते काम वेगळं आणि ते डॉक्टरांचं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार, याच्या निदानात डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेप्रमाणे १२ वर्षांच्या आधीपासूनची लक्षणं, कमीत कमी सहा महिने टिकलेली, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसलेली, हे बघतात. एका संगणक चाचणीवर ते होत नाही.

आणि आठवीची मुलं नुसती प्रयोगात घ्यायची असली, तरी आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांची लेखी संमती आणि १२ वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकार, दोन्ही लागतात. शाळेची परवानगी ही पालकांच्या संमतीच्या जागी चालत नाही.

मिरज_जंक्शन

स्ट्रूपऐवजी एएनटी (अटेन्शन नेटवर्क टेस्ट) का नाही? फॅन, पोस्नर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली. बाण कोणत्या दिशेला ते सांगायचं. शेजारचे बाण त्याच किंवा उलट दिशेला, आणि आधी कधी ताऱ्याची (*) खूण येते, कधी नाही. एकाच चाचणीत सावधपणा, लक्षाची दिशा वळवणं आणि संघर्ष सोडवणं, तिन्ही मिळतात. शब्द नाहीत, म्हणजे तांबडा-लालचा प्रश्नही नाही.

चाफळ

मिळतात, पण सारख्या दर्जाचे मिळत नाहीत. मूळ निबंधातच पुन्हा घेतलेल्या चाचणीचा सहसंबंध संघर्षासाठी ०.७७, दिशेसाठी ०.६१ आणि सावधपणासाठी ०.५२ आला होता. वर सरावाच्या २४ ट्रायल आणि ९६ चे तीन ब्लॉक, म्हणजे अर्धा तास. शिकवायला ती छान आहे, कारण तीन भाग मेंदूच्या वेगवेगळ्या जाळ्यांशी जोडून सांगता येतात: सावधपणा मेंदूच्या खोडातल्या लोकस सेरुलिअसमधून येणाऱ्या नॉरएपिनेफ्रिनशी, दिशा वळवणं पार्श्विका खंड आणि पुढच्या नेत्रक्षेत्राशी, संघर्ष अग्र सिंग्युलेट आणि बाजूच्या अग्रखंडाशी. पण मराठी वाचणाऱ्याच्या डोक्यात मराठी शब्द काय करतो हा प्रश्न बाणांनी सुटत नाही, आणि या प्रात्यक्षिकात मला तोच मोलाचा वाटतो.

कृष्णाकाठ

पटलं. स्ट्रूपच ठेवते, शाळेला नकार कळवते. आता ईईजीबद्दल सांगा. आठ चॅनल आहेत, जेल लावायचे इलेक्ट्रोड.

हरिपूर

स्ट्रूपबरोबर पहिल्याच वर्षी ईईजी जोडू नका. वेगळं प्रात्यक्षिक करा, पी३०० चं, म्हणजे अधूनमधून येणारा वेगळा स्वर टिपल्यावर ईईजीत उठणाऱ्या लहरीचं. दोन स्वर: १००० हर्ट्झचा ८० टक्के वेळा, २००० हर्ट्झचा २० टक्के वेळा. स्वर १०० मिलिसेकंद, सुरुवातीला आणि शेवटी १० मिलिसेकंदांचा चढउतार, नाहीतर टक असा आवाज येतो आणि कान त्यालाच प्रतिसाद देतो. दोन स्वरांच्या सुरुवातींमध्ये सुमारे १४०० मिलिसेकंद, एकूण २५० स्वर, सहा मिनिटं. प्रयुक्तानं उंच स्वर मनात मोजायचे. शेवटी आकडा विचारा. ५० च्या आसपास आला नाही तर लक्ष नव्हतं.

इलेक्ट्रोड एफझेड, सीझेड, पीझेड (डोक्याच्या मध्यरेषेवर पुढे, माथ्यावर आणि मागे), ओ१, ओ२ (डोक्याच्या अगदी मागे), एक डाव्या डोळ्याखाली पापणी टिपायला, संदर्भ कानामागच्या हाडावर. पी३०० पीझेडवर सगळ्यांत मोठा दिसतो, स्वरानंतर ३०० मिलिसेकंदांच्या पुढे.

आपल्याकडची पहिली अडचण तेल. खोबरेल लावलेल्या केसांतून इलेक्ट्रोडचा अवरोध ५ किलोओहमच्या खाली येतच नाही. आदल्या रात्री शाम्पूनं केस धुऊन, तेल आणि कंडिशनर न लावता या, असं लेखी द्या. कपाळावरचं कुंकू, गंध, क्रीम पुसून घ्या. अंबाडा किंवा घट्ट वेणी असेल तर ओ१, ओ२ खाली टेकत नाहीत, केस मोकळे सोडायला सांगा. दुसरी अडचण घाम. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात पंख्याखाली घेतलेली नोंद सावकाश वर-खाली वाहते, कारण घामानं त्वचेचा विद्युतदाब बदलत राहतो. सकाळी लवकर घ्या, नाहीतर पावसाळ्यानंतर.

तिसरी वीज. ५० हर्ट्झचा गुणगुणाट सगळीकडे असतो. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा, इलेक्ट्रोडच्या तारा एकत्र पिळून ठेवा, चोकची ट्यूबलाइट बंद करा. लाइट जाऊन साधा इन्व्हर्टर सुरू झाला तर नोंद तिथेच थांबवा, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरचा गोंगाट ५० च्या पटींतही पसरतो आणि नुसत्या ५० च्या गाळणीनं (फिल्टरनं) जात नाही.

काहीही सुरू करण्याआधी एक मिनिट डोळे उघडे, एक मिनिट मिटलेले. डोळे मिटल्यावर ओ१, ओ२ वर १० हर्ट्झच्या आसपासची अल्फा लहर वाढलेली दिसली पाहिजे. माणसाचा ईईजी पहिल्यांदा नोंदवणाऱ्या बर्गरनं १९२९ मध्ये छापलं तेच हे. तीन-चार जणांत मिळून ती कुणातच दिसली नाही, तर तारा चुकीच्या जोडल्या आहेत. पी३०० शोधत बसू नका.

यवतेश्वर

गाळणीबद्दल एक भर. नोंद वाहते म्हणून १ हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचा मोह होतो. पी३०० ही सावकाश लहर आहे, तेवढं कापलं तर ती लहान होते आणि तिच्या आजूबाजूला नसलेले खड्डे तयार होतात. ०.१ ते ३० हर्ट्झ ठेवा. नोंदीचे स्वरागणिक तुकडे करा, स्वराच्या आधीचे २०० मिलिसेकंद आधाररेषा, १०० मायक्रोव्होल्टच्या पलीकडे गेलेले तुकडे फेका. एका तुकड्यातला गोंगाट १५ मायक्रोव्होल्ट धरला तर ५० तुकड्यांच्या सरासरीत तो २ च्या आसपास उतरतो, आणि १० मायक्रोव्होल्टचा पी३०० उठून दिसतो. पापण्या लवल्यानं २० तुकडे गेले तर ते ३ होतं, तरी चालतं. निम्म्याहून जास्त गेले तर तो प्रयुक्त वगळा.

मिरज_जंक्शन

मिरजेच्या प्रयुक्तांची यादी करताना संगीत शिकलेल्यांची नोंद वेगळी ठेवा. गाणं-वाजवणं करणारे एका गटात जास्त आले तर स्वर ओळखण्याच्या कामात तो गट आधीच पुढे असतो.

आणि बाजारातल्या कपाळपट्टीच्या यंत्रांवर ‘अवधान ७२ टक्के’ असा आकडा दिसतो, त्याच्याशी हे जोडू नका. कपाळावरच्या एका इलेक्ट्रोडमध्ये भुवईच्या स्नायूची वीज जलद लहरींच्याच पट्ट्यात मिसळते. मूल भुवया आकसून बसलं तरी आकडा हलू शकतो.

कृष्णाकाठ

रंगाच्या चौकोनांची पूर्वचाचणी आधी सांगलीत घेते. साताऱ्याला वेगळी घ्यावी लागेल का?

यवतेश्वर

हो, तिथेही १२ जण घ्याच. सांगलीत लाल आणि साताऱ्यात तांबडा आला तर दोन्हीकडे एकच शब्द लादू नका; त्या रंगाच्या जागी दोन्हीकडे एकच नाव येईल असा रंग शोधा. चौकोन आणि शब्द यांची छटा तीच हवी, म्हणून रंगांचे आकडे एका फाइलमध्ये लिहून दोन्हीकडे तीच फाइल वापरा. मॉनिटरचा रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद आहे ना, हे प्रत्येक संगणकावर बघा. तो चालू राहिला तर निळा मळकट दिसतो. रंगांधळेपणा तपासणाऱ्या इशिहाराच्या पानांवर तांबडा-हिरवा ओळखता न येणारे प्रयुक्त पहिल्याच दिवशी वेगळे काढा. पूर्वचाचणीतली नावं इथे टाका, नियंत्रित शब्द मग त्या मापाचे निवडू.